जयंतीचा वक्ता आणि त्याचा मेहनताना

गेल्या वर्षी ११ एप्रिलला, म्हणजे महात्मा फुले जयंतीच्या दिवशी, रात्री साडेनऊच्या सुमारास मला शेजारच्या तालुक्यातून फोन आला. "जयभीम सर. चौदा तारखेला संध्याकाळी येता का? वक्ता पाहिजे होता." मी विचारले, विषय कोणता? पलीकडचा मुलगा थोडा घोटाळला. मग म्हणाला, "विषय म्हणजे... बाबासाहेबच की." माझ्याआधी कुणाला विचारले होते काय, असे मी विचारले. मुलगा प्रामाणिक होता. "दोघांना विचारलं सर. एकजण वीस हजार म्हणाले. दुसऱ्यांच्या तारखा नाहीत. तुम्ही पैसे घेत नाहीत असं कळलं."

माझी निवड कोणत्या गुणावर झाली हे त्या शेवटच्या वाक्याने स्पष्ट झाले. मी गेलो, बोललो आणि परत आलो. परंतु त्या फोनपासून एक विषय मनात घोळत राहिला, तो येथे मांडण्याचे योजिले आहे. आपल्या जयंती मंडळांनी वक्ता कसा निवडावा, त्याला कसे बोलवावे आणि त्याच्या श्रमाची किंमत कशी करावी, हा तो विषय होय. वरवर पाहता ही व्यवस्थेची, गौण बाब वाटेल. वैचारिक नियतकालिकाने तीत कशाला पडावे, असेही कोणी विचारील. पण ज्या समाजाची चळवळ छापील शब्दाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, बोललेल्या शब्दावर उभी राहिली आणि जिथे आजही अनेक घरांत पुस्तकाआधी भाषण पोचते, तिथे व्यासपीठावर कोण उभा राहतो आणि त्याला तिथे कोणी उभे केले हा विचाराचाच प्रश्न आहे.

आधी हिशेब पाहू. माझ्या गावच्या मंडळाचे पावतीपुस्तक मी दोन वर्षे सांभाळले आहे, त्यामुळे हा हिशेब ऐकीव नाही. घरे ८४, दर घरामागे वर्गणी ५०० रुपये, एकूण ४२,००० रुपये. त्यातून मिरवणुकीच्या डीजेला २१,०००. मांडव, दिवे व ध्वनिक्षेपक ९,०००. जेवण ७,५००. हार, फुले, फेटे आणि निळ मिळून ३,५००. उरले १,००० रुपये, ते वक्त्याचे. डीजेवर टीका करणे हा आम्हा प्राध्यापकांचा आवडता उद्योग आहे, तो मी येथे करणार नाही. ज्या रस्त्याने बापजाद्यांना मान खाली घालून जावे लागले त्या रस्त्याने वाजतगाजत जाण्याची हौस मला कळते. माझे म्हणणे एवढेच की, डीजेवाल्याशी भाव ठरतो फेब्रुवारीत, त्याला विसार दिला जातो मार्चमध्ये, आणि वक्त्याला फोन जातो तीन दिवस आधी. आणि ही ५०० रुपयांची पावती म्हणजे कापूस वेचायला जाणाऱ्या बाईचे दोन दिवसांचे काम आहे. त्या दोन दिवसांच्या मोबदल्यात तिला वर्षातून एकदा, एका संध्याकाळी, कोणीतरी काहीतरी सांगणार असते. ते काय असावे हे तिला कोणी विचारीत नाही.

मी स्वतः हा अपराध केलेला आहे. प्राध्यापक झालो त्या वर्षी गावच्या मंडळाने मला वक्ता म्हणून बोलावले. घराण्यातला पहिला पदवीधर, त्यात कॉलेजात नोकरी. साऱ्या वस्तीला कौतुक होते. मी तयारीही भरपूर केली होती. सव्वा तास बोललो. बुद्ध, मार्क्स, भांडवलशाहीचे नवे रूप, सांस्कृतिक राजकारण, सारे आले. टाळ्याही पडल्या. रात्री घरी आल्यावर माय भाकरी वाढताना म्हणाली, "घरकुलाचं काईच नाही बोललास. बाया त्याच्यासाठीच बसल्या होत्या." त्या वर्षी रमाई आवास योजनेच्या यादीतून आमच्या वस्तीतली अकरा घरे गळाली होती. का गळाली, अर्ज कुठे करायचा, कुणाला विचारायचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. शिकलेला पोरगा येणार आहे, तो सांगेल, अशी बायांची समजूत झाली होती. मला यादीची माहितीही नव्हती. मंडळाने ती सांगितली नव्हती आणि मी विचारली नव्हती.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, वक्त्याचे नाव काढण्याआधी मंडळाने विषय काढावा, आणि तो बैठकीत काढावा. 'बाबासाहेबांचे जीवन व कार्य' हा विषय नव्हे. तो विषय न ठरविण्याचा एक सभ्य प्रकार आहे. यंदा आपल्या वस्तीला काय कळले पाहिजे? मुलांची शिष्यवृत्ती अडली आहे काय? गायरानाची नोटीस आली आहे काय? बचतगटाचे आणि फायनान्स कंपनीचे हप्ते फिटत नाहीत काय? की गेल्या वर्षी गावात भांडण झाले व पोरे अजून घाबरलेली आहेत? यांपैकी प्रत्येक प्रश्नाचे धागे बाबासाहेबांच्या लेखनात व कार्यात सापडतात. विषय ठरला की वक्ता शोधणे निम्मे सोपे होते, कारण मग 'मोठा कोण' असे न विचारता 'हे कोणाला येते' असे विचारले जाते. आणि ज्याला ते येते तो पुष्कळदा वक्ता म्हणून प्रसिद्ध नसतो.

प्रसिद्ध वक्त्यांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. आजकाल वक्ता निवडला जातो तो मोबाईलवरच्या चित्रफितीवरून. दोन मिनिटांचा तुकडा, खाली वाद्यसंगीत, शेवटी टाळ्या. तीन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका मंडळाने असे एक नामवंत आणले होते. अर्धे पैसे आधी, अर्धे गाडीतून उतरताना. सात वाजता यायचे ते दहाला वीस मिनिटे कमी असताना आले, कारण त्या संध्याकाळी त्यांच्या आणखी दोन सभा होत्या. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. पोलीस मांडवाच्या तोंडाशीच उभे. वीस मिनिटांत त्यांनी चित्रफितीतलेच भाषण केले. लोकांना ते पाठ होते. मोबाईलमध्ये जिथे टाळी पडते तिथेच त्यांनीही टाळी दिली. त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. एप्रिलमध्ये चाळीस ठिकाणी बोलणाऱ्याने दर ठिकाणी नवे बोलावे ही अपेक्षाच चूक आहे. पण मग वस्तीने जे मोबाईलवर फुकट ऐकले होते त्यासाठी वर्गणी का मोजली? चित्रफीत बघून वक्ता ठरवू नये. मंडळातल्या दोघांनी त्याचे एखादे अख्खे भाषण मांडवात बसून ऐकावे. ते जमत नसेल तर तो पूर्वी जिथे बोलला तिथल्या मंडळाला फोन करावा आणि विचारावे: वेळेवर आले का? जेवायला लोकांत बसले का? भाषणानंतर कोणी प्रश्न विचारला तर उत्तर दिले का? 'कसे बोलले' हे विचारून उपयोग नाही, सगळे जण 'जबरदस्त' असेच सांगतात.

वक्ता बोलावणे म्हणजे काय, हे समजून घ्यायचे असेल तर १९३६ची लाहोरची हकिगत प्रत्येक मंडळाने एकदा वाचली पाहिजे. जातपात तोडक मंडळ ही लाहोरची संस्था. सवर्ण सुधारकांची, संतराम हे तिचे प्रमुख कार्यकर्ते. १९३५च्या ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केलेली होती. ती माहीत असूनही डिसेंबरात मंडळाने त्यांना आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद देऊ केले. बाबासाहेब प्रथम राजी नव्हते. आग्रह झाला म्हणून कबूल झाले. त्यांनी भाषण लिहून काढले. पुढे मंडळाच्या लोकांनी ते वाचले आणि त्यांचे धाबे दणाणले. वेदशास्त्रांच्या प्रामाण्यावर केलेला हल्ला गाळा, हिंदू म्हणून हे आपले शेवटचेच भाषण असे जे सुचविले आहे ते गाळा, अशी पत्रे येऊ लागली. बाबासाहेबांनी कळविले की एक स्वल्पविरामही बदलणार नाही. अध्यक्ष तुम्ही निवडला, त्याच्या मतांची जबाबदारी त्याची. परिषद आधी लांबणीवर पडली आणि मग झालीच नाही. बाबासाहेबांनी ते भाषण मे महिन्यात स्वखर्चाने छापले, १,५०० प्रती. आणि आरंभी मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही जोडून दिला. दोन महिन्यांत आवृत्ती संपली. न झालेल्या परिषदेचे न केलेले ते भाषण म्हणजेच 'जातिप्रथेचे विध्वंसन'.

या प्रकरणात बाबासाहेबांचा बाणेदारपणा आपण नेहमी सांगतो. पण निमंत्रकाच्या बाजूनेही ते पाहिले पाहिजे, कारण आज निमंत्रक आपण आहोत. लाहोरच्या मंडळाला बाबासाहेबांचे नाव हवे होते, मत नको होते. उलट १९४३ साली पुण्याच्या डेक्कन सभेने न्यायमूर्ती रानड्यांच्या १०१व्या जन्मदिनी, १८ जानेवारीला, त्यांना व्याख्यानास बोलाविले. तेव्हाही ते फारसे उत्सुक नव्हते. आपली मते श्रोत्यांना आणि कदाचित सभेलाही रुचणार नाहीत, हे ते जाणून होते. तरी गेले. 'रानडे, गांधी आणि जीना' हे ते व्याख्यान. मोठ्या माणसांच्या जयंतीची भाषणे बहुधा प्रासंगिक असतात, त्यांना टिकाऊ मोल नसते, असे त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी नमूद केले आहे, आणि व्याख्यानात विभूतिपूजेचाही समाचार घेतला आहे. जयंतीच्या व्यासपीठावरून विभूतिपूजेवर बोलणारा वक्ता आज आपले मंडळ सहन करील काय, हे ज्याचे त्याने ठरवावे. १८८५ साली मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नाकारले, हेही येथे आठवते. निमंत्रण नाकारणे हेसुद्धा वक्त्याचे म्हणणेच असते.

लाहोर फार दूर नाही. दोन वर्षांपूर्वी एका गावी जयंतीच्या सभेला मी अध्यक्ष होतो. वक्त्या होत्या शेतमजुरांत काम करणाऱ्या एक ताई. स्वतः मजुरी करणाऱ्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. (आपल्याकडे स्त्री वक्त्याला बहुधा 'त्यागमूर्ती रमाई' हाच विषय दिला जातो, जणू इतर विषय पुरुषांच्या नावावर सातबाराला लागलेले आहेत. या मंडळाने तसे केले नाही, गायरान जमिनीवर बोला असे सांगितले होते, हे त्यांच्या बाजूने नोंदविले पाहिजे.) पण वक्त्याचे मानधन एका इच्छुक उमेदवाराने देऊ केले होते आणि व्यासपीठामागे त्याचा भला मोठा फलक होता. ताई उठायच्या आधी मंडळाचा एक कार्यकर्ता वाकून त्यांच्या कानाशी म्हणाला, "ताई, गायरानाचं तेवढं बाजूला ठेवा. भाऊ बसलेत." मी शेजारच्याच खुर्चीवर होतो. ताई काही बोलल्या नाहीत. उठल्या आणि चाळीस मिनिटे गायरानावरच बोलल्या. १९५९ आणि १९६४चे दादासाहेब गायकवाडांचे भूमिहीनांचे सत्याग्रह त्यांनी असे सांगितले की म्हाताऱ्या माणसांनी मध्येच उठून आपापल्या आठवणी जोडल्या. सभा संपली, शाल दिली, नारळ दिला (हा नारळ आपल्या व्यासपीठावरून कधी जाणार कोण जाणे), पण पाकीट दिले नाही. भाऊंनी ते परत घेतले होते. ताई नव्वद किलोमीटरवरून एस.टी.ने आल्या होत्या, त्यांचा दिवस बुडाला होता. मंडळातल्या पोरांना शरम वाटली असावी; दुसऱ्या दिवशी त्यांनी आपसात गोळा करून दीड हजार रुपये त्यांच्या फोनवर पाठविले. मी मात्र अध्यक्षीय समारोपात या विषयावर एक अक्षर काढले नाही. वेळ झाला होता असे मी तेव्हा स्वतःला सांगितले.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की वक्त्याचा पैसा वर्गणीतूनच गेला पाहिजे. थोडा असेल तरी चालेल. प्रायोजकाने मांडव द्यावा, पाण्याचे जार द्यावेत. वक्ता देऊ नये.

आता पैशाचा प्रश्न. आपल्याकडे एक समज आहे की चळवळीचा माणूस पैसे मागत नाही आणि मागतो तो चळवळीचा नाही. या समजात भावना चांगली आहे, परिणाम वाईट आहे. फुकट कोणाला बोलता येते? मला येते, कारण महिन्याच्या एक तारखेला माझा पगार जमा होतो. माझ्यासारखे नोकरदार, निवृत्त अधिकारी, वकील यांना येते. त्या ताईंना येत नाही. शाहिराला येत नाही, कारण त्याच्याबरोबर ढोलकीवाला असतो, पेटीवाला असतो. वामनदादा कर्डकांसारखा लोककवी आयुष्यभर गावोगाव फिरला, त्याची गाणी आपण अजून गातो. फुकट वक्ता हवा म्हणणारे मंडळ, नकळत का होईना, मध्यमवर्गीय वक्ताच हवा असे म्हणत असते. मग व्यासपीठावरून मध्यमवर्गीय भाषणे होतात, अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

या प्रश्नाला आपल्या इतिहासाची एक बाजू आहे. गावगाड्यात दवंडी देणे, सांगावा नेणे, मयताची खबर गावोगाव पोचविणे ही महाराची कामे होती. म्हणजे आपल्या पूर्वजांचा आवाज राबविला जात होताच. फक्त त्याला भाव नव्हता. दिले तर बलुते, तेही देणाऱ्याच्या मर्जीवर. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. या कामाचा मोबदला ठरलेला असावा, रयतेच्या लहरीवर राहू नये, हा त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा होता. आणि आपण काय करतो? वक्त्याला पैशाचे आधी काहीच सांगत नाही. सभा संपल्यावर, गाडीत बसताना, अंधारात त्याच्या खिशात पाकीट कोंबतो. त्यात किती आहे हे त्याला घरी गेल्यावर कळते. हे बलुतेच झाले. आमच्या भाषेने या व्यवहाराला दक्षिणा, बिदागी, मानधन असे एकेक शब्द दिले. पहिल्याला ब्राह्मण्याचा वास आहे, दुसऱ्याला दरबाराचा, आणि तिसऱ्यात 'मान' पुढे करून धन लपविण्याची सोय आहे. मला 'मेहनताना' हा शब्द बरा वाटतो. हमाल, गवंडी जो शब्द वापरतात तोच वक्त्यालाही असू द्यावा.

एक मात्र उघड सांगितले पाहिजे. हा मेहनताना वेळेचा, प्रवासाचा आणि तयारीचा आहे. मताचा नाही. वीस हजार मागणारा वक्ता वाईटच असतो असेही नाही. कोणी पुस्तके काढतो, कोणी त्या पैशावर वसतिगृह चालवितो. मंडळाला परवडत असेल आणि विषयाला तोच माणूस योग्य असेल तर द्यावेत. नसेल परवडत तर आपला आकडा निःसंकोच सांगावा. घासाघीस करू नये आणि 'समाजासाठी एवढं करा' असे म्हणून समोरच्याला कोंडीत पकडू नये. काय दिले ते जमाखर्चाच्या कागदावर डीजेच्या ओळीखाली लिहावे आणि तो कागद समाजमंदिरात चिकटवावा.

बोलावण्याचे पत्र द्यावे, निदान मोबाईलवर लेखी पाठवावे. तारीख, सभा सुरू होण्याची खरी वेळ, विषय, बोलायला किती मिनिटे, आधी किती जण बोलणार, ऐकणारे कोण (बाया अधिक की पोरे), मेहनताना किती, भाडे वेगळे की त्यातच, रात्री मुक्कामाची सोय कोणाकडे, हे सारे त्यात यावे. वस्तीची चार ओळींत माहिती द्यावी; मला कोणी ती अकरा घरांची यादी आधी पाठविली असती तर मी मार्क्सला त्या दिवशी विश्रांती दिली असती. आणि मिरवणूक व व्याख्यान एका दिवशी ठेवू नये. मिरवणूक आठाला संपते, सत्कार नऊपर्यंत चालतात, आणि वक्त्याच्या वाट्याला दमलेली माणसे व घड्याळाकडे पाहणारा पोलीस येतो. आपली जयंती आता मेअखेरपर्यंत गावोगाव चालते. मे महिन्यात चांगल्या माणसाच्या तारखा मोकळ्या असतात, शाळांना सुट्टी असते आणि ऊसतोडीला गेलेली कुटुंबेही बहुधा परतलेली असतात.

यंदा आमच्या मंडळाची बैठक फेब्रुवारीत झाली. बायांना मुद्दाम बोलाविले होते, नऊजणी आल्या. विषय त्यांनीच काढला: पोरींची कॉलेजची शिष्यवृत्ती आणि जात पडताळणीचा दाखला. तीन मुलींचे फॉर्म दोन-दोनदा परत आले आहेत. वक्ता म्हणून समाजकल्याण खात्यातून निवृत्त झालेल्या एका कारकुनाचे नाव पुढे आले. त्यांनी उभा जन्म हेच फॉर्म तपासले आहेत, भाषण मात्र कधी केलेले नाही. मेहनताना ३,००० रुपये आणि एस.टी.चे भाडे वेगळे. त्यासाठी डीजेचे दोन तास कमी करावे लागले, त्यावर अर्धी रात्र वाद झाला आणि दोन पोरे अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. "सर, त्यांना कुणी वळखत नाही. फ्लेक्सवर फोटो लावून लोक येतील का?" असे एकाने विचारले. त्याचे म्हणणे खोटे नाही. फ्लेक्सवर फोटोऐवजी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी छापावी असे शेवटी ठरले.

पत्र पाठविले. तारीख ४ मे, वेळ संध्याकाळी सहा. चार दिवसांनी उत्तर आले. त्यांनी पैशाविषयी काही लिहिले नाही. एक फळा आणि खडू मिळेल काय, अशी विचारणा मात्र केली आहे. फळा जिल्हा परिषदेच्या शाळेतून आणायचा आहे. मुख्याध्यापकांशी बोलणे झाले आहे, बैलगाडी कोणाची न्यायची ते ठरायचे आहे.